झाकण लागेपर्यंत

अहं, तसं नाही चालायचं बाईसाहेब — वाटीत एवढीशी शेवई उरली असली तरी झाकण लावता येत नाही. वाटी रिकामी पाहिजे. आणि रिकामी झाली रे झाली की मी पुढचा घास टाकणार. तुमचा हात आधी की माझा, एवढाच तर खेळ आहे. हं, घ्या! — बघा, बोलता बोलता पडलासुद्धा. गिळा. चावत काय बसलात, सोबाची शेवई चावायची नसते, नुसती घशातून सोडायची. हं, अजून! काय? 'काकू, बस'? असं तोंडानं म्हणून भागत नाही हो, आमच्या मोरिओकात 'बस' फक्त झाकण म्हणतं. आणि तुम्हीच ना मघाशी शंभर वाट्या गाठायच्या गोष्टी करत होतात? ती तुमची रिन्को — 'मिझुहो, तू शंभरीची बक्षिसाची लाकडी पाटी घेतल्याशिवाय उठायचं नाही' म्हणून तुम्हाला भरीला घातलं आणि स्वतः बया विसावीतच झाकण घालून मोकळी. आता पुढच्या दालनात दुकानाचे रंगीत डगले चढवून फोटो काढताहेत तिघंही. येतील सावकाश. हं, घ्या!

जड होतंय? होणारच. सकाळी थंड रेईमेन शेवया, वर कलिंगडाची फोड — ठीक, ते जिरतं. पण दुपारी जाजामेनच्या गरम शेवया खाल्ल्यात, आणि वाडग्यात शेवटी अंडं फोडून कढत पाणी घालून तेही प्यायलात. हो ना? रिन्कोच सांगत होती कौतुकानं. इथलं शेंबडं पोरसुद्धा ज्या दिवशी सोबा खायचा त्या दिवशी ते पाणी पीत नाही. तोशियानं, होणाऱ्या नवऱ्यानं, सांगितलं नाही तुम्हाला? कमाल आहे. आणि ही डाव्या हाताची छोटी बादली कशाला ठेवलीये असं वाटतं — हात धुवायला? घासाबरोबर वाटीत जे सूप पडतं ना, ते या बादलीत ओतायचं असतं. तुम्ही पहिल्या वाटीपासून पिताय. थेंब न ठेवता, संस्कारी मुलीसारखं. मी बघत होते. सांगितलं का नाही? — का सांगू? हं, अजून! आता ओतून काय उपयोग, पोटाचा माठ भरलाय.

सरळ बसा. नाही, उठता नाही येत, वाटीत आहे अजून.

एक सांगू का — वाढणाऱ्या बाईला कान नसतात असं वाटतं लोकांना. मी तबक घेऊन तुमच्या पाठीशीच उभी होते, तुम्ही रिन्कोला हळूच सांगत होतात. की बिचाऱ्या तोशियाला आई नाही. की मियाकोला त्सुनामीत समुद्र आत आला त्यात ती गेली, फोटोसुद्धा उरला नाही एक. की वसंतात तुमचं लग्न आहे, तेव्हा तिच्या नावानं एक खुर्ची मोकळी ठेवायची, त्यावर पांढरी फुलं — तुमची कल्पना ना ती? छान आहे. डोळे भरून आले होते तुमचे. भरल्या डोळ्यांनी हात हलला आणि मी लगेच टाकला घास, आठवतंय? जरा जोरातच पडला. सूप उडालं तुमच्या कपड्यांवर, आणि तुम्हीच मला 'माफ करा' म्हणालात. हं, घे!

खा. ऐक. मियाकोत तो चार वर्षं राहिला फक्त. जन्माचा मोरिओकाचाच. इथं समुद्र यायचा तर सगळे डोंगर ओलांडून यावं लागेल त्याला. मियाकोत त्याची मावशी होती — माझी धाकटी बहीण. हं, अजून! — काय झालं, थांबलीस का? लागली ना आता ओळख? हो, हीच. बुडालेली. पाण्यातून वर आलेली, एप्रन लावून, तुझ्यासमोर सोबा वाढतेय. गिळ आधी. ठसका लागला तर पाठीवर मीच थापटणार, दुसरं आहे कोण इथं.

मंगळवारी माझी सुट्टी असते, ते ठाऊक आहे त्याला. म्हणून तर आणलं त्यानं, तेही रिन्कोनं हट्ट धरला म्हणून, आणि वेशीपाशीचं ते मोठं दुकान भरलेलं म्हणून. आज मी बदलून घेतला वार. दारात सगळ्यांच्या आधी मी त्याला पाहिलं, आणि त्यानं मला. मी थांबले. क्षणभरच थांबले — म्हटलं, म्हणेल काहीतरी. नाव नको घेऊस, 'अरे, तू?' एवढं तरी. मग मीच वाकून म्हटलं, 'या साहेब, चौघं का?' तर म्हणतो, 'हो, चौघं.' बूट काढले, नीट जोडीनं लावले, आणि गेला आत. बूट नीट लावायला मीच शिकवलंय.

तू मान हलवतेयस ती कशासाठी? असं नसेल म्हणून? बरं, त्यानं आपल्या वाटणीचे अक्रोड न विचारता तुझ्या बशीत टाकले ना — अक्रोडानं जीभ खाजते त्याची, लहानपणापासून. डाव्या कानामागे शिवलेली खूण आहे. अजून सांगू? हं, घे!

माय मरो नि मावशी जगो म्हणतात. त्याचं नेमकं उलटं झालं, समुद्रानं मावशीला नेलं नि माय उरली, आणि तेच त्याला जन्मभर खुपतंय. तिचं मरण उचलून माझ्या अंगावर घातलं, अन् आईपण माझं काढून तिला दिलं. आणि माझ्याकडून काय झालं असं मोठं? मी नवीन लागले तेव्हा हात चालायचा नाही माझा. गिऱ्हाईक भराभर झाकणं घालायचं, मालकीण चारचौघांत बोलायची. हात बसवायचा तर समोर खाणारं माणूस नको? तो होता ना घरी. सात वर्षांचा. रोज शाळेतून आला की बसवायचा समोर, उरलासुरला सोबा, एक वाटी — आणि घे, घे, घे. घरी झाकण कुठलं? झाकण दुकानात. दोन्ही हात वाटीवर धरायचा गाढव. हातांवर टाकायचे मग मी. ओकायचा, पुसायचे, परत बसवायचे. बाहेर पोरं उपाशी मरतात, माझ्याच्या पोटाला कधी कमी पडू दिलं नाही मी. कुणी म्हणावं तर. दहाव्या वर्षी पळून मावशीकडे गेला — का, तर म्हणे ती विचारते, 'अजून हवं का?' विचारते! एवढ्यावर आई बदलतं का कुणी?

पण हात बसला. आख्ख्या मोरिओकात माझ्यासारखा हात नाही. तुला एकदा तरी झाकण लावता आलं का? नाही ना. त्याच्यावरच बसलाय तो हात.

आज सहाव्या वाटीला त्यानं झाकण घातलं. वर बघितलं नाही माझ्याकडे, नुसतं झाकण सरकवलं — किती हळू! मला सहज टाकता आलं असतं. टाकलं नाही. तबक जड झालं होतं म्हणून. दुसरं काही नाही.

रडतेयस कशाला? रडताना गिळू नये. आणि खुर्चीचं काय ते ठरव तुझं तू. मला विचारशील तर ठेव, पांढरी फुलंही ठेव, येते मी बसायला. फुलं बाजूला सरकवून बसेन. त्याला विचार — नाहीतर नको विचारूस. कर लग्न, रांध त्याच्यासाठी, आणि रोज संध्याकाळी बघत बस — हा माणूस जिवंत आईला मारून दोन घास शांतपणे गिळतो, तो तुझ्याबद्दल उद्या कुणाला काय सांगेल. हं, अजून! हं, घे! तोंड उघड —

या साहेब, या. फोटो झाले वाटतं? नाही, नाही, बाईसाहेबांची तब्येत छान आहे. तिखट लागलं थोडं, डोळ्यांत पाणी आलंय. शंभरी पार केलीये हो त्यांनी, पाटी काढून ठेवते. होतच आलंय, एवढा शेवटचा घास. सावकाश, बाईसाहेब. हां. घाला झाकण — घाला, नाही टाकत मी आता. हे बघा, तबक खाली ठेवलं.

तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं ना साहेबांना? हे काय, समोरच उभे आहेत. विचारा की.

तोंड रिकामं आहे आता.