मिलिंद मौनात होता तेव्हा

प्रज्ञावहिनी आणि जमलेल्या सगळ्यांनो, मिलिंदबद्दल बोलायला उठलो खरा, पण जीभ उचलत नाही. दुःख आहेच. लाजही आहे.

तीन वर्षांपूर्वीची एक सकाळ. पुंगोलच्या घरी मी देवापुढे दिवा लावला, जप केला, आंग मो किओच्या ऑफिसात गेलो आणि पेटंटच्या अर्जावर सही केली. हलत्या कॅमेऱ्यातलं चित्र स्थिर ठेवण्याची युक्ती मिलिंदची. त्यासाठी त्याने दोन वर्षं डोळे फोडले होते. अर्जावर शोधक म्हणून नावं दोनच. साहेबांचं आणि माझं.

मिलिंद तेव्हा विपश्यनेला बसला होता. दहा दिवस मौन, फोन जमा. साहेब म्हणाले, "त्याची सही मिळत नाही, मुदत संपतेय. नाव नंतर घालू." माझा इथला कामाचा पास रिन्यू व्हायचा होता, आणि ते साहेबांच्या हातात होतं. मी सही केली.

तो परत आला, अर्जाची प्रत पाहिली. हॉकर सेंटरमध्ये कॉफी ढवळत म्हणाला, "त्या दिवशी दिवा लावला होतास?"

"लावला होता."

"मग देवाचं नाव तरी घालायचंस. तिसरी ओळ रिकामी होती."

मी दोघांच्या कॉफीचे पैसे काढले. तो म्हणाला, "सिनेमाच्या शोधातही हेच झालं रे. कॅमेरा घडवला नोकराने, नाव मालकाचं. दुसऱ्या एकाने तसा कॅमेरा त्याआधीच बनवला होता; यंत्र जगाला दाखवण्याआधी आगगाडीत बसला, तो पुन्हा दिसलाच नाही. शोध बापाचा होता, अशी साक्ष त्याच्या मुलाने कोर्टात दिली. घाबरू नकोस, तुला नाही बोलावणार साक्षीला."

नाव नंतर घातलं का? नाही. मी रोज दिवा लावला. रोज म्हटलं, उद्या सांगतो. मंगळवारी मिलिंद गेला.

मघाशी साहेब इथूनच म्हणाले, मिलिंद कामात फार मदत करायचा. मदत? कोणाला, साहेब? काम कोणाचं होतं?

आज सकाळी मी दिव्याला हात लावला नाही. वहिनींनी दिलेल्या मिलिंदच्या वहीची पानं जोडून पेटंट ऑफिसला आणि कंपनीला पत्र पाठवलं. शोध त्याचा आहे. माझं नाव काढा, त्याचं घाला. वहिनी, एक प्रत तुमच्यासाठी आणली आहे. माझा पास राहील, न राहील.

तो मौनात होता तेव्हा आम्ही त्याचं नाव गाळलं. आता त्याच्या नावाने आपण दोन मिनिटं मौन पाळू.

साहेब, तुम्हीही उभे राहा.