उजवीकडची खुर्ची

कॅनडातल्या थंडर बेच्या कानाच्या दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता, आणि समोरच्या दोघांचं बोलणं इतकं मस्त रंगलं होतं की मी मोबाइल चक्क पालथा ठेवला! नऊएक वर्षांची आयली आणि तिच्या उजवीकडे तिचे आजोबा. तिच्या डाव्या कानाला आवाज आत जायचं भोकच जन्मापासून नव्हतं.

"आजोबा, आतली हाडं चिकटलीत ना? मग डॉक्टर सोडवत का नाहीत?"

"चेहरा हलवणारी नस नेमकी त्या हाडांवरून गेलीय. खरं तर तिने बाजूने जायला हवं होतं."

"म्हणजे वाट चुकली? विनिपेगला जाताना तुम्ही चुकलात तशी?"

"मी चुकलो नव्हतो. लांबचा रस्ता घेतला होता."

"आणि नसेला धक्का लागला तर?"

"डावा गाल हसायचा थांबेल. कदाचित कायमचा."

"मग ऑपरेशन नको. हे बरंय." डोक्याच्या पट्ट्यावरचं, हाडातून आवाज पोचवणारं छोटं यंत्र तिने चाचपलं. डॉक्टरांनी ते तासभर वापरून बघायला दिलं होतं.

"त्याच्यावर हॉकीचं हेल्मेट बसत नाही, राणी. तू गोलकीपर आहेस."

"खेळताना काढीन. गोल खाल्ल्यावर तुम्ही ओरडता, ते तरी ऐकू येणार नाही."

"अस्सं! पण आत्ता त्यातून ऐकू येतंय का?"

"मला कसं कळणार? तुम्ही सगळे कायम माझ्या उजवीकडेच बसता!"

आजोबा उठले, डावीकडच्या खुर्चीत बसले आणि तोंडाआड हात धरून काहीतरी कुजबुजले. मला एकही शब्द ऐकू आला नाही.

आयली दोन्ही गालांनी हसली.

"आजोबा! परत सांगा ना. तिथूनच."