नऊ लाखांवर थांबायचं होतं

मी, बाजारात 'खुर्चीवाल्या ताई' म्हणून ओळखली जाणारी, वय ५३ वर्षे, धंदा जुन्या फर्निचरची खरेदी-विक्री, राहणार माझ्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर, मला कोणी बोलावलेले नसताना आज सकाळी आपण होऊन पोलीस ठाण्यात समक्ष येऊन सांगते की,

कालच्या मारहाणीच्या प्रकरणात माझ्या धाकट्या भावाने गुन्हा कबूल केल्याचे मला समजले. ती कबुली खरी नाही. त्याचा जबडा मोडला आहे, त्याला बोलता येत नाही. आपल्या शिपायाने दवाखान्यात त्याच्या खाटेजवळ जाऊन 'तूच मारलंस ना' असे विचारले आणि त्याने मान हलवली, एवढीच ती कबुली. तो लहानपणापासून माझ्यापुढे मान हलवत आला आहे, तेव्हा त्याच्या मान हलवण्यावर कोणी फार विसंबू नये. गाडीच्या मालकाच्या डोक्यात पाना मी घातला. भाऊ फुकट अडकू नये म्हणून मी आले आहे. काय घडले ते पहिल्यापासून सांगते.

माझा भाऊ मोटार शिकवण्याच्या शाळेत नोकरी करतो. दिवसभर तो शिकाऊ माणसांच्या शेजारी बसतो. त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो आणि गाडी दुसऱ्या गिअरच्या वर क्वचितच जाते. त्याला बायको व एक मुलगी आहे. सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. वेड एकच, स्पोर्ट्स कारचे. नवी घेण्याची ऐपत नाही म्हणून जुनी घ्यायची ठरली. जाहिरातीत दोन दारांची लाल गाडी होती, फारशी न चाललेली, किंमत चौदा लाख. आमची तयारी बारापर्यंत होती, त्यात थोडे माझेही होते. वहिनीला हे पसंत नव्हते, पण नवऱ्याचा चेहरा बघून ती गप्प बसली.

आमच्या घरात कुठलीही जुनी वस्तू माझ्याशिवाय घेतली जात नाही. त्याची आमची रीत ठरलेली आहे. ज्याला वस्तू हवी त्याने तोंड उघडायचे नाही, चेहरा पाडून उभे राहायचे. नावे ठेवण्याचे काम माझे. मी चष्मा काढून पुसायला घेतला की त्याने निघाल्यासारखे करून फाटकाकडे चालू लागायचे. आणि दुसरे म्हणजे, मालक एका दमात फार खाली आला तर कुठेतरी पाणी मुरते आहे असे समजायचे आणि नेमके तिथेच आणखी दाबायचे. हे माझे शास्त्र आहे. याच शास्त्रावर मी दुकान चालवले, भावाच्या लग्नातली भांडी घेतली, वहिनीचे शिलाई मशीन घेतले. आजवर ते कधी फसले नव्हते.

काल दुपारी आम्ही दोघे मालकाच्या घरी गेलो. मालक सत्तरीचे असतील, त्यांचे चष्म्यांचे दुकान आहे. फाटक उघडताच त्यांनी आधी माझ्या चष्म्याकडे पाहिले आणि म्हणाले, "काडी वाकडी झालीय तुमची. द्या इकडे." दोन बोटांनी दाबून त्यांनी ती सरळ करून दिली. माणूस चांगला वाटला. पण व्यवहाराला गेल्यावर माणूस चांगला वाटणे मला परवडत नाही.

घराला लागून पत्र्याची शेड आहे, गाडी तिथे होती. अंगावर कापडी आच्छादन होते. भाऊ मदतीला पुढे झाला तर मालक म्हणाले, "राहू द्या, मी काढतो." त्यांनी ते हळूहळू दुमडत काढले. गाडी इतकी स्वच्छ होती की भाऊ ठरलेला पडका चेहरा विसरला आणि लहान पोरासारखा बघत राहिला. मी त्याला कोपर मारले. मालकांनी किल्ली फिरवली, गाडी लगेच सुरू झाली. तो आवाज ऐकून भावाने डोळे मिटून घेतले. तेव्हाच मला कळले की आता सगळी मदार माझ्यावर आहे.

मी कामाला लागले. टायर घासलेत म्हटले, नव्हते. सीटचा रंग विटलाय म्हटले. लाल गाडी कुठेही उभी केली तरी लोकांच्या डोळ्यांवर येते म्हटले. मालक फक्त "बरं" म्हणत होते. मग मी पर्समधले लोहचुंबक काढले. जिथे पत्रा मूळचा असतो तिथे ते चिकटते, जिथे ठोकलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून रंग मारलेला असतो तिथे निसटून पडते. रुमालात गुंडाळून मी ते गाडीभर फिरवले. चालवणाऱ्याच्या बाजूच्या दारावर ते पडले. पुन्हा लावले, पुन्हा पडले.

मी म्हटले, "ही ठोकलेली गाडी आहे. जाहिरातीत नाही लिहिलंत ते."

मालक म्हणाले, "हो. ठोकलेली आहे. नीट करून घेतलीय. नऊ द्या आणि आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

चौदावरून नऊ, मध्ये एकही पायरी नाही. माझ्या जागी कुणीही असते तर हात जोडून पैसे दिले असते. मला मात्र वाटले, बुवा घाबरला. यात नक्की काहीतरी दडले आहे. मी चष्मा काढून पुसायला घेतला. भावाने फाटकाकडे जायचे होते, तो जागचा हलला नाही. उलट म्हणाला, "ताई, नऊला घेऊ या ना. बास झालं."

आपल्याच माणसाने असे हत्यार टाकलेले मला खपत नाही. मी म्हटले, "तू गप रे. नऊ कशाचे? आतला माणूस वाचला का, विचारलंस? मेलेल्याच्या जागेवर बसून फिरायचंय तुला? सहा. सहाच्या वर एक पैसा नाही."

दुमडलेले आच्छादन मालकांच्या हातात होते, ते त्यांनी पुन्हा उलगडून पुन्हा दुमडले. समोरचा गप्प बसला की तो वाकतो आहे असे मी समजते. म्हणून मी पुढचे बोलले. आपण विचारल्यावरून ते शब्द जसेच्या तसे सांगते. मी म्हणाले, "असल्या गाड्या कोण ठोकतं ते मला ठाऊक आहे. बापाच्या जिवावर उड्या मारणारी पोरं, तीही पिऊन. बापानं वेळेवर दोन कानाखाली वाजवल्या असत्या तर पोरगंही वाचलं असतं आणि गाडीही."

तो कोणाचा मुलगा होता हे मला ठाऊक नव्हते. हे मी सुटण्यासाठी सांगत नाही.

मालकांनी आच्छादन खाली ठेवले, भिंतीकडच्या फळीवरून चाक खोलण्याचा हातभर लांबीचा लोखंडी पाना घेतला. मला वाटले चाक काढून दाखवतात की काय. ते गाडीसमोर आले आणि त्यांनी पाना पुढच्या काचेवर घातला. काच सगळी एकदम पांढरी झाली व मध्ये खड्डा पडला. ते म्हणाले, "हे घ्या, आठ."

मग बॉनेटवर मारला. "हे घ्या, सात. तुम्हाला सहाला हवी ना? थांबा, सहाला आणतो." उजवा दिवा फोडला, डावा फोडला. काचा माझ्या पायांवर आल्या, पायाला लागल्याचे मला नंतर घरी कळले. त्यांचा चष्मा पडला, त्यावर त्यांचाच पाय पडला, तरी ते थांबले नाहीत. ते ओरडत नव्हते. गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसे एकेक आकडा सांगत होते. भाऊ "काका, नको, काका, नको" म्हणत होता. मग ते पाना उचलून त्या दारापाशी आले आणि म्हणाले, "माझा मुलगा होता ह्यात. इथं. इथं बसला होता."

भाऊ मध्ये पडला. दारावर पाठ टेकून, हात पसरून उभा राहिला. गाडी वाचवायला की म्हाताऱ्याला आवरायला ते त्याला माहीत. मालकांचा हात वर गेलेला होता तो खाली आला. पाना भावाच्या गालावर बसला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो दाराला घासत खाली बसला, त्याच्या तोंडातून रक्त आणि दोन दात शर्टावर पडले. खालचा जबडा एका बाजूला गेला होता. माझ्याकडे बघून तो काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता आणि नुसते फुगे येत होते.

मालकांनी त्याला मारायचे म्हणून मारले असे मी म्हणणार नाही. त्यांना दार मारायचे होते.

त्यांनी पाना फरशीवर ठेवला. फेकला नाही, ठेवला. मग पुढच्या चाकाला टेकून तेही खाली बसले. दोघे शेजारी शेजारी बसले होते. मालक दम टाकत होते, त्यांना चष्म्याशिवाय नीट दिसत नसावे, कारण ते माझ्याकडे न बघता माझ्या बाजूला बघत म्हणाले, "आता बोला, ताई. आता काय द्याल?"

मी वाकून पाना उचलला आणि त्यांच्या डोक्यावर डाव्या बाजूला मारला. ते आडवे झाले. मी पुन्हा मारला. तो कानाच्या मागे लागला. त्यांनी हात वर केला नाही. तिसऱ्यांदा मी उचलला तेव्हा भावाने उठून माझे मनगट धरले. तशा मोडलेल्या तोंडानिशी त्याने मला ओढून मागे केले, पाना माझ्या हातातून सोडवला आणि तो मांडीवर घेऊन बसला. मला वाटले मी पुन्हा मारीन म्हणून घेतला. आपली पोलिसांची गाडी येईपर्यंत त्याने तो सोडला नाही, तेव्हा मला समजले तो कशासाठी घेतला ते.

काचा फुटल्याचा आवाज ऐकून मालकांची सून घराच्या मागच्या अंगणातून वळसा घालून धावत आली. ती वाळलेले कपडे काढत होती. ती आली तेव्हा पाना भावाच्या मांडीवर होता, म्हणून तिने आपल्या माणसांना त्याच्याकडे बोट दाखवले. तिने जे पाहिले तेच सांगितले, तिचा दोष नाही. खांद्यावर चादर होती ती तिने सासऱ्यांच्या डोक्याला गुंडाळली. मग टॉवेल घेऊन माझ्या भावाचा जबडा बांधून दिला, गाठ डोक्यावर मारली. मी नुसती उभी होते. बांधता बांधता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागे ऐकू येत होतं सगळं. आमचे हे पीत नव्हते हो. समोरून आला तो प्यालेला होता."

आणखी म्हणाली, "गाडी बाबांनी दुरुस्त करून घेतली. मीच म्हटलं, विका आता. मला बघवत नाही. मिळेल त्याला द्या म्हटलं होतं."

मला बोलता येत होते, तरी बोलले नाही.

काल आपली माणसे आली तेव्हाही मी गप्प राहिले. भाऊ स्ट्रेचरवरून मला डोळ्यांनी दटावत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला दटावले आणि मी ऐकले. संध्याकाळी त्याच्या मुलीने मला विचारले, "आत्या, बाबांनी खरंच मारलं त्या आजोबांना?" मी तिला काही सांगितले नाही. ती वहिनीच्या मागे जाऊन उभी राहिली. बापाबद्दल ते मनात धरून ती मोठी होणार असेल तर माझ्या गप्प बसण्याला आग लागो. शिवाय शिक्षा झालेल्या माणसाला कुठलीही शाळा गाडी शिकवायला ठेवणार नाही.

आपण विचारल्यावरून सांगते की, भावाला झालेल्या दुखापतीबद्दल माझी मालकांविरुद्ध तक्रार नाही. नुकसानीबद्दलही नाही. त्यांची व आमची पूर्वीची ओळख अगर वैर नाही.

जबाब इथपर्यंत लिहून झाला असता टेबलावरचा फोन वाजला. फोन ठेवल्यावर आपण मला पाणी दिले आणि सांगितले की, ते गृहस्थ दवाखान्यात वारले. मी पाणी प्यायले. मग आपण म्हणालात, "ताई, आता हे प्रकरण वेगळं झालं. सही अजून व्हायची आहे. काही बदलायचं असेल तर नीट विचार करून सांगा." मी सगळे पुन्हा वाचून दाखवायला सांगितले.

वाचताना ऐकले की, मी पाना उचलल्याच्या ठिकाणी आपण माझ्या भल्यासाठी 'झटापटीत फटका बसला' असे लिहिले होते. झटापट नव्हती. भाऊ बाजूला बसलेला होता, ते खाली बसलेले होते, त्यांचे हात रिकामे होते, आणि त्यांनी मला फक्त भाव विचारला होता. ती ओळ काढून टाकावी आणि मी बोलले तसे लिहावे, असे मी सांगितले. त्याप्रमाणे लिहिले. ते मला पुन्हा मोठ्याने वाचून दाखवले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, आणि खरे आहे.