अकरा तोंडांची निउर्का

नाही नाही, मास्तर चांगलाय हो, फोनमधला! माझी तक्रार त्याच्याबद्दल नाहीच... तुम्हाला सांगते, सांतियागोत वीस वर्षं मी बायकांचे केस सरळ करतेय, आता कुठे केशकलेच्या संस्थेत शिकवायची नोकरी मिळत होती, तर म्हणे प्रमाणपत्र हवं! त्यासाठी त्यांनीच हा मास्तर फोनमध्ये घालून दिला. "ऐकत ऐकत मी तुम्हाला ओळखेन, निउर्का, आणि तुमच्या कलाने शिकवेन." काय गोड! नवरा वीस वर्षांत असं बोलला नाही.

आता दुकानात माझे हात रंगात, फोन आरशाखाली, आवाज मोठा. मास्तर विचारतो, "पांढऱ्या केसांवर रंग किती वेळ ठेवायचा?" मी श्वास घेतेय तोवर ड्रायरखालून दोन्या ओलिवा, म्हणजे आमच्या ओलिवाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, केवढ्यांदा ओरडते, "वीस मिनिटं!" नखं रंगवणारी यादिरा म्हणते, "वीस मिनिटांत तुमची भुवईसुद्धा रंगणार नाही, दोन्या! चाळीस!" "चाळीस मिनिटांत माझ्या जावेला टक्कल पडलं, टवळे!" मग सगळ्या खुर्च्या भांडल्या आणि पस्तीसवर समेट झाला. "शाब्बास, निउर्का!" आणि मी तर तोंडही उघडलं नव्हतं!

तीन महिने हेच! कोपऱ्यात जाऊन एकटीनं अभ्यास करायचा? आमच्याकडे एकटी बसलेल्या बाईला सूप आणून देतात हो, आजारी समजून! बरं, वीज गेली की ड्रायर बंद, म्हणजे उत्तरं आणखीच जोरात. मास्तर आपला मला वरच्या धड्यांवर चढवतोय... रसायनं काय, कातडीचे रोग काय... "निउर्का, तुमची प्रगती विलक्षण!" आणि मी तर तोंडही...

मग परीक्षा. बंद खोली, मी आणि तोच मास्तर. पहिला प्रश्न, मी उत्तर दिलं, बरोबर दिलं, देवाशप्पथ! तो म्हणतो, "पुढे?" पुढे काय? "तुम्ही अजून भांडला नाहीत." अरे बाबा, एकटी कुणाशी भांडू? तर म्हणतो कसा, "आवाज ओळखीचा नाही. कृपया निउर्काला बोलवा."

संस्थेच्या बाई हसून हसून लाल. पंधरा दिवसांनी पुन्हा या म्हणाल्या, पण अभ्यास एकटीनं! मी दुकानात येऊन कडक आवाजात जाहीर केलं, आता कुणी मध्ये बोलायचं नाही. सगळ्या चिडीचूप! मला वाटलं, जमलं... तेवढ्यात दोन्या ओलिवानं ड्रायरखालून मान बाहेर काढली. "बरं पोरी, पण त्या दिवशी आपण घालायचं काय?"

यादिरा म्हणाली, निळं. अकरा जणी भांडल्या, पिवळ्यावर समेट झाला.

आणि मी? तोंडही उघडलं नाही.