काचेतली सातवी आसरा

माझं गाव देगलूर तालुक्यातलं, मांजरेच्या काठाला, पल्याड तेलंगणा. थोडी कोरडवाहू हाय, ती भाऊ करतो. मी दहावी झालो आन् नांदेडला संग्रहालयात शिपाई म्हणून लागलो. घरची, पोरगा, सून गावातच, मी हितं एका खोलीत. काचा पुसायच्या, शाळेच्या सहली आल्या की हात लावू नका म्हणायचं, हेच काम. काय सांगू तुम्हाला, आयुष्यभर हात लावू नका म्हणत आलो आन् ते शेवटी माझ्याच घरावर आलं.

आमच्या नदीच्या डोहावर साती आसरा हायत, पाण्यातल्या देवी. देऊळ न्हाई, जांभळीखाली सात धोंडे, शेंदूर लावलेले. बाळंतीण सव्वा महिन्यानं बाहेर पडती ती आधी तिथंच जाती, सातीजणींची ओटी भरती, बाळाला त्यांच्या पायाशी घालती. तवर ते बाळ पाण्याजवळ नेत न्हाईत. मला तसंच घातलेलं, माझ्या पोराला बी.

तर परसाल पूर ओसरल्यावर मी गावी गेलो. एका धोंड्यावरचा शेंदराचा खपला निघालेला, आन् खाली धारीच धारी, जात्याला टाकी घातल्यासारख्या. मला तर हसूच आलं. आमच्या पहिल्या दालनात तसलीच एक हाय, रोज तिची काच पुसतो मी. फार जुन्या काळातल्या हत्तीची दाढ, दगड झालेली. नांदेडला आल्या आल्या मॅडमला सांगितलं. मोठेपणा म्हणूनच सांगितलं, खोटं कशाला बोलू. मॅडम आमच्या अधिकारी, पोरीच्या वयाच्या, स्वभावानं लई चांगल्या. म्हणल्या, मामा, केवढं मोठं काम केलंत तुम्ही. मला वाटलं, जातील, फोटू काढतील, येतील. पण जीप गेली ती धोंडा घेऊनच आली. सरपंच म्हणला, सरकारचं हाय तर नेऊ द्या. बायांना कुणी विचारलं न्हाई. मी तरी कुठं विचारलं.

घरचीचा फोन आला, तुम्ही देव उचलून दिला म्हणून राहिलेत सगळे. मी म्हणलो, दाढ हाय ती, हत्तीची. ती म्हणली, असंल, पण आता डोहावर सहाच हायत, आन् सुनेला सातवा महिना लागलाय. मी म्हणलो, नदीतला दुसरा धोंडा ठेवा की. तर गयामावशी, आमच्यातली सगळ्यात म्हातारी, तिनं फोन हिसकला. आसरा कुणी बसवत न्हाई रे मारोती, त्या आपल्या आपण येतात. तुझ्या नोकरीवानी न्हाई ते, एक गेला की दुसरा भरला.

नातू झाला. सव्वा महिना झाला तरी सून उंबऱ्याच्या आतच, कारण सहाजणींची ओटी भरायला एक बाई संगं येईना. शेवटी गयामावशी, घरची आन् सून, तिघी बाळ घेऊन एसटीनं नांदेडला आल्या. मी मॅडमपुढं हात जोडले, दोन मिनटं काच उघडू द्या. त्या म्हणल्या, मामा, तेल-शेंदूर मुरला की तडा जातो, हे सहलीतल्या पोरांना तुम्हीच सांगता ना. आज यांना उघडलं तर उद्या कुणाला न्हाई म्हणू? खरं होतं त्यांचं. चावी माझ्या खिशात, मी उभाच.

सुनेनं काचेपुढं फरशीवरच ओटी भरली. गयामावशी लई वेळ आत बघून राहिली. हिचा शेंदूर पार काढला की रे, म्हणली. मग विचारलं, हिला हात कोण लावतं? मी म्हणलो, सोमवारी दालन बंद असतंय, तवा काच उघडून बुरुशानं धूळ काढावी लागती. कोण काढतं? मीच. मावशीनं सुनेच्या हातातलं बाळ घेतलं आन् माझ्या हातात दिलं. म्हणली, झालं. हिला लागतो तोच हात बाळाला लागला. आता तू हितनं हलायचं न्हाई.

नोकरी संपल्यावर गावी जायचं, बांधावर खोली बांधायची, असं माझं आन् घरचीचं कितीतरी वर्षांपासून ठरलेलं. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई, फरशीवरचे तांदूळ गोळा करत बसली.

आता गावातली बाळंतीण सव्वा महिन्याची झाली की सोमवारची पहिली गाडी धरून येती. मी धूळ काढतो, हात न धुताच फाटकापाशी जातो, बाळ घेतो, परत देतो. सणाला गावी गेलो तर बाया दारातच विचारतात, तिच्याजवळ कोण हाय मग? चहा पिऊन माघारी फिरतो. हे मॅडमला कळलंय, त्या बोलत न्हाईत. परवा म्हणल्या, मामा, निवृत्तीनंतर कंत्राटावर राहता का? मी हाव म्हणलो. न्हाई कुठल्या तोंडानं म्हणू, आणलीय तर मीच तिला.

घरचीला अजून सांगितलं न्हाई. बाळं सगळी धडधाकट हायत, तशीच राहोत, पाण्यात पोहोत. सोमवारी काच उघडली की बुरूश हातात घेऊन आधी म्हणतो, आई, हात लावतो गं.