गेटवरच्या कॉम्प्युटरवर काशिराम

हॅलो? … हो, कॉम्प्युटर रूम. वसुंधरा बोलतेय… कोण, भामा? अगं मोठ्यानं बोल, बाहेर कंटेनर उतरवतायत…

काय आलं? … परत सांग… 'गुड मॉर्निंग काशिराम'? तुझ्या स्क्रीनवर?

हो, हो… अगं ऐक ना… नाही, तुझा नवरा कुठूनही बोलत नाहीये. … थांब! काशिरामभाऊ आले म्हणून सासूबाईंना फोन करू नकोस. आधी माझं ऐक.

तुझ्या कॉम्प्युटरला स्वतःची डिस्क नाही. … म्हणजे चालू केला की त्याला काहीच ठाऊक नसतं. आत ते कार्ड असतं ना, केबल लागते ते… हां. सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम आधी ते कार्ड शोधतो, त्याच्या चिपमधला नंबर वाचतो. तो नंबर केबलवरून माझ्या सर्व्हरकडे येतो. सर्व्हर बघतो हा नंबर कुणाचा, आणि नाव पाठवतो.

… हो. काशिरामभाऊ इथे ज्यावर बसायचे, त्याच कॉम्प्युटरचं कार्ड. डबा गंजला, कार्ड चांगलं होतं, म्हणून काल तुझ्यात बसवलं. नाव बदलायचं राहिलं गं…

माहितीये मला. खाडीत होडी उलटली, बाकीचे सापडले, ते नाही… सासरे दिवस घालायचं म्हणाले, तू होऊ दिलं नाहीस… माहितीये.

… दुसरीकडून? नाही. ते कुठे कॉम्प्युटरवर बसले तरी मला कळणार नाही. नंबर कार्डाचा आहे, भामा. माणसाचा नाही.

हॅलो? … काय करतेयस?

… हात लावलास स्क्रीनला? … हं. … गरम असतेच ती.

राहू देऊ का नाव? … रोज सकाळी दिसेल. … नको? … नक्की? घाई नाही… बरं. तुझं टाकते. … बी, एच, ए… झालं. आता बंद करून चालू कर. … कार्ड शोधतोय? शोधू दे, वेळ लागतो…

काय आलं? … 'गुड मॉर्निंग भामा'. हं.

… कुठे गेलं म्हणजे? … अगं, मी पुसलं. तूच म्हणालीस ना आत्ता… भामा?

रड. मी फोन धरून आहे. …

… हॉर्न वाजवू देत त्यांना. थांबतील ट्रक. …

… जायचंय? … बरं. ठेव मग.