पाचव्या सहीची रिकामी जागा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय डॉक्टर इरावतीताई, ज्यांना निरोप द्यायला आपण सारे जमलो ते आपल्या मंडळाचे मावळते अध्यक्ष आदरणीय जयंतराव, कार्यकारिणीचे सन्माननीय सभासद, समोर बसलेले बंधू-भगिनी, आणि मागच्या रांगेत मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली गोड नातवंडं, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी चौथी पास. तीही गुरुजींना दया आली म्हणून. पण मंडळात वयाने मीच सगळ्यांत मोठी, म्हणून आजचा कार्यक्रम ठरवणाऱ्या तनूने गळ घातली, काकू, दोन शब्द गोड बोला. तनूबाई, गोड बोलते, पण दोन शब्दांत भागणार नाही.

जयंतराव नऊ वर्षं अध्यक्ष होते. आता लेकीजवळ, तिकडे लंडनच्या बाजूला स्लाऊला निघालेत. एडिनबराच्या थंडीने गुडघे धरले म्हणतात. माझे तर कधीचेच धरलेत, पण मी कुठे जाऊ? असो. जयंतरावांची माणुसकी सांगते. तीन वर्षांपूर्वी याच शाळेच्या हॉलमध्ये आरतीला धूप जरा जास्त झाला, अलार्म वाजला आणि दारात आगीचा बंब उभा. जयंतरावांनी त्या उंच्यापुऱ्या जवानांना आधी मोदक खाऊ घातले आणि मग माफी मागितली. एकाने तर दोन डब्यात घालून नेले. शाळेने मात्र नंतर पत्र पाठवून धूप बंद केला. त्याच दिवशी जयंतराव म्हणाले, आता आपला स्वतःचा हॉल पाहिजे.

कुणाला नको होता? मलाही हवा होता. तासाभरावरच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांना लागून एक बंद पडलेला कॅफे मिळाला. खिडकीतून समुद्र दिसणार, खाली उतरलं की विसर्जन. नकाशे झाले. कौन्सिलच्या अर्जावर पाच ट्रस्टींच्या सह्या लागत होत्या, त्यांतली एक माझी. मला ट्रस्टी का केलं ते मला ठाऊक आहे. हे गेले, ह्यांची जागा रिकामी झाली, आणि मी कधी हरकत घेत नाही. कागद पुढे आला की सही, हा माझा वर्षानुवर्षांचा रिवाज.

आता माझी नात वरदा त्याच कौन्सिलात आहे. किनाऱ्यालगत कुठे बांधू द्यायचं आणि कुठे नाही, ते बघण्याचं तिचं काम. मी बसमध्ये शेजारी बसणाऱ्याला सांगते, ओळख असो नसो. तेव्हा कुणीतरी हुशारी केली. काकूंची सही सगळ्यांत वर घ्या, पोरीने आजीचं नाव पाहिलं की काम झालंच. मलाही वाटलं, झालंच. खोटं कशाला बोलू? मी तर त्या दिवशी शिरा केला होता.

वरदाने सही पाहिली. त्याच दुपारी साहेबांना जाऊन सांगितलं, ही माझी आजी आहे, या फाइलला मी हात लावू शकत नाही. फाइल गेली दुसऱ्या बाईकडे. ती ना आपल्याला ओळखते, ना आपल्या गणपतीला. तीन दिवस बूट घालून वाळू मोजत फिरली आणि लिहून दिलं, इथे बांधता येणार नाही.

मग काय फोन आले म्हणता. आपलीच पोरगी आणि आपल्यावरच उलटली. गप्प बसली असती तर काय बिघडत होतं? मंगळागौरीच्या व्हॉट्सॅप ग्रुपमधून तिला कुणीतरी काढून टाकलं. कुणी, ते मला माहीत आहे, पण आज निरोपाचा दिवस आहे. ती आज आलेली नाही. म्हणाली, मी आले तर लोक नीट जेवणार नाहीत. चार वर्षांची असल्यापासून या मंडळात नाचलेली पोर.

गेल्या रविवारी मीच तिला म्हटलं, चल, दाखव मला काय आहे तिथे. काठी टेकत टेकत गेले. कॅफेचं मागचं कुंपण अधांतरी लोंबत होतं. त्याच्याखालची वाळू या हिवाळ्यात समुद्राने नेली. टेकड्यांवर उंच गवत आणि त्यांच्या मागे चाळीसेक घरं.

वरदा म्हणाली, "आजी, हे गवत वाळूला पकडून ठेवतं. आपला हॉल आला की पार्किंग येणार, लोक चालणार, गवत मरणार. मग पाणी त्या घरांमध्ये जाणार."

मी म्हटलं, "एवढंच होतं तर मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू सही करायच्या आधी विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. आणि मला काय हे नवीन होतं? आमच्या गावी किनाऱ्यावर केवड्याचं बन होतं. लॉज बांधायला ते तोडलं. गावाने हार घालून उद्घाटन केलं, आम्ही पोरींनी स्वागतगीत म्हटलं. चार पावसाळ्यांत वाळू गेली आणि आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. माझी आई मरेपर्यंत दुसऱ्याच्या विहिरीवर गेली. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेली मी, इथे येऊन चष्मा न लावता सही करून मोकळी.

आता तिकडे चहाच्या टेबलावर अपिलाचा कागद ठेवलाय. सोमवारी शेवटची तारीख. चार सह्या झाल्यात, पाचवी जागा रिकामी आहे आणि तिच्याशिवाय तो कागद जात नाही. कार्यकारिणीतला सुयश मघाशी कानात म्हणाला, काकू, जयंतरावांना निरोपाची भेट समजा आणि करून टाका.

जयंतराव, तुम्ही भुलीचे डॉक्टर. ह्यांच्या ऑपरेशनच्या सकाळी काय झालं ते तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, आज मी सांगते. उपाशी ठेवायला सांगितलं होतं, आणि मी रिकाम्या पोटी नको म्हणून ह्यांना चोरून वाटीभर उपमा भरवला. तुम्ही विचारलंत, मी कबूल झाले, तुम्ही भूल द्यायला नाही म्हणालात. मी रडले, भांडले, आपला माणूस असून अडवता म्हणाले. तुम्ही म्हणालात, "काकू, आपला माणूस आहे म्हणूनच अडवतोय. माझ्यावर चिडा, पण यांना घरी न्या." आठवड्याने ऑपरेशन झालं. त्यानंतर हे अकरा वर्षं माझ्यासमोर बसून जेवले. त्या दिवशी तुम्ही ऐकलं असतंत तर?

माझ्या नातीने याहून वेगळं काय केलं, ते मला कुणीतरी सांगा.

तर मी सही करणार नाही. आग्रह करून नाही, रुसून नाही, शाल-श्रीफळ देऊन तर नाहीच. ट्रस्टी म्हणून काढायचं असेल तर काढा, त्या कागदावर मात्र लगेच सही करीन. हॉल बांधा, गावात बांधा, समुद्रापासून लांब बांधा, पहिली सही माझी. चष्मा लावून, वाचून. आणि वरदाला ग्रुपमध्ये परत घ्या. ती मानाने येईल, मीच तिला घेऊन येईन.

जयंतराव, स्लाऊला सुखाने राहा, गुडघे जपा, फोन करत जा. इरावतीताईंनी दोनदा घड्याळ पाहिलं तरी मला थांबवलं नाही, त्यांचे आभार. तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ म्हातारीला ऐकून घेतलंत, तुमचे उपकार. शब्द पुढेमागे झाले असतील, कुणाचं मन दुखावलं असेल, तर घरचं माणूस समजून पदरात घ्या. सही न केल्याची माफी मात्र मी मागत नाही.